दोन मिनिटांचं डिझेल

आमच्या घरी टर्बोचा ट्रॅक्टर आला त्या दिवशी त्याला ओवाळायचं काम माझ्याकडे आलं. मी त्याच्या विरोधात होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच बहुतेक मला पुढे केलं. मी ओवाळलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. सोबत माहितीचं एक पुस्तक आलं होतं. त्यालाही हळदकुंकू लावून देवघरात ठेवलं. पुढे दोन दसऱ्यांना त्या पुस्तकाची पूजा झाली. वाचलं कोणी नाही.

टर्बो म्हणजे काय ते मुलाने मला ओट्यावर बसवून समजावलं होतं. इंजिनातून जो धूर बाहेर जातो त्याच्या जोरावर एक लहान पंखा फिरतो, तो पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो, आणि हवा जास्त मिळाली की इंजिन जास्त ताकद देतं.

मी म्हटलं, “म्हणजे धुराच्या भरवशावर शेती करायची.”

“माय, तुले नाही समजायचं.”

मला समजलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. आमच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली त्याच सुमारास मी शाळेतून चुलीकडे गेले. पण पंखा समजायला चौथी पुरते.

खरं सांगायचं तर त्या ट्रॅक्टरचे गुण मला पहिल्याच महिन्यात दिसले. आमचं शेत शाहपूरच्या पुढे, तापीकडे उतरत जाणारं. जुना ट्रॅक्टर केळीच्या घडांनी भरलेली ट्रॉली घेऊन रस्त्याला चढायचा तेव्हा अर्ध्यावर गुरगुरत थांबायचा. मग चाकामागे दगड लावा, माणसं बोलवा, ढकला. नवा एक बारीक शीळ घालायचा आणि वर. केळी काढून झाली की उरलेली खोडं रोटाव्हेटरने बारीक करून मातीत मिसळायची असतात. जुन्याला ज्या तुकड्यात दिवस लागायचा तो तुकडा नवा जेवणाच्या आत संपवायचा, आणि त्या मानाने डिझेलही कमी प्यायचा. हे सगळं मी पाहत होते. कोणाला सांगत नव्हते.

सांगत होते ते दोष. ट्रॅक्टर इतका रुंद की केळीच्या ओळींत शिरत नाही, म्हणून बैलजोडी ठेवावीच लागली. कापसाच्या दिवसांत धूळ आणि तंतू ओढून त्याची हवेची जाळी गच्च होते. जुन्याला गावातला लोहारसुद्धा तार बांधून चालू करायचा, याला हात लावायला कोणी तयार नाही, मिस्त्री बुऱ्हाणपूरहून यायला हवा. तेल अमुकच लागतं, तमुक चालत नाही. माझी ही यादी रोज जेवताना व्हायची.

सून एकदा म्हणाली, “आत्याबाई, तुम्ही टॅक्टरले सुनेसारखं वागवता.”

“छे,” मी म्हटलं, “सून माझ्या पसंतीची होती.”

ट्रॅक्टर चालवायचा आमचा सालदार. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. आमच्याकडे ही बोली अखाजीला, म्हणजे अक्षयतृतीयेला होते आणि पुढच्या अखाजीला संपते. हा मूळचा तुकईथडकडचा. बायको आणि दोन मुलींसह आमच्या मळ्यातल्या खोलीत राहायचा, मुली शाहपूरच्या शाळेत जायच्या. कमी बोलणारा माणूस. आला त्या वर्षी त्याने नांगरावरून सोडलेले, घामाने भिजलेले बैल थेट हाळावर पाण्याला नेले होते. तेव्हा मी त्याला अंगणातल्या चार माणसांसमोर झापलं होतं. “तापलेल्या जनावराला लगेच पाणी? आधी सावलीत उभं कर, दम खाऊ दे. तुकईथडला हेही शिकवत नाहीत?” त्याने मान हलवली. पुन्हा कधी ती चूक केली नाही.

हा सालदार संध्याकाळी ट्रॅक्टर अंगणात आणायचा, इंजिन तसंच चालू ठेवायचा आणि हातपाय धुवायला जायचा. उभा ट्रॅक्टर आपला धडधडतो आहे. ज्या घरात मी भात उकळला की चुलीतलं लाकूड मागे ओढते त्या घरात हे पाहणं कसं सहन व्हावं? स्टेअरिंगजवळ एक काळी मूठ होती, ती ओढली की इंजिन बंद. मी जायचे आणि ओढायचे.

पहिल्या आठवड्यात तो म्हणाला होता, “मोठी माय, दोन मिनिटं चालू राहू द्या. कंपनीच्या माणसानं सांगितलं आहे.”

“कंपनीच्या माणसाला म्हणावं, डिझेल पाठव.”

तो पुन्हा बोलला नाही. काही दिवस त्याने ट्रॅक्टर फाटकाबाहेर निंबाखाली उभा करून पाहिला. मी निंबापर्यंत जात होते. चालायला माझे पाय तेव्हा चांगले होते.

दुसऱ्या दसऱ्यानंतरच्या चैत्रात, भर केळीच्या तोडणीत, ट्रॅक्टर त्याच चढावर थांबला. मागून निळा धूर, शिट्टीच्या जागी खरवडल्याचा आवाज. ट्रॉली शेजाऱ्याच्या जुन्या, बिनटर्बोच्या ट्रॅक्टरने ओढून वर काढली. मी रस्त्यावर उभी राहून ते पाहिलं. इतकं समाधान मला मुलाच्या लग्नातही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने टर्बो काढून ओट्यावर ठेवला, पंख्याला बोट लावलं, तो लडबडत होता. मुलगा, सालदार आणि मी, तिघंही तिथेच होतो.

मिस्त्री म्हणाला, “भाऊ, ही गाडी तापलेली असताना फटकन बंद करत होतं कोणीतरी. इंजिन बंद झालं की तेल जायचं थांबतं. पंखा मात्र फिरत असतो, लालभडक तापलेला. आत उरलेल्या तेलाचा जळून कोळसा होतो. म्हणून आधी दोन मिनिटं हळू चालू ठेवायची असते, थंड होऊ द्यायची.”

पुढचं मला कोणी सांगायची गरज नव्हती. तापलेलं जनावर, सावली, दम. मी लहानपणापासून जे लोकांना ऐकवत आले तेच तो मिस्त्री मला ऐकवत होता.

मुलाने सालदाराकडे पाहिलं. “तुले सांगितलं होतं ना कंपनीवाल्यानं?”

“सांगितलं होतं, भाऊ.”

“मग?”

सालदार जमिनीकडे पाहत राहिला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी पण काही बोलले नाही. मुलगा म्हणाला, “अखाजीपर्यंत राहा. पुढच्या सालाचं तू तुझं पाहा.”

आता मी का बोलले नाही ते लिहिते, कारण ते काही चांगलं नाही. मुलाची मला भीती नव्हती. पण दोन वर्षं मी म्हणत होते की टर्बो टिकणार नाही, आणि आता सगळं गाव म्हणत होतं, म्हातारी बरोबर होती. येणारीजाणारी बाई ओट्यावर टेकायची, मी सांगायचे, “मी आधीच म्हटलं होतं.” एखादी विचारायची, “पण जाळला कोणी?” मी म्हणायचे, “मुलाला विचारा.” असे आठ-दहा दिवस मी मानाने काढले. तेवढ्यात गोष्ट शाहपूरपर्यंत गेली. टर्बो जाळणाऱ्याच्या हाती ट्रॅक्टर द्यायला मग कोणी तयार होईना. त्याने दोन मळ्यांवर विचारलं, दोन्हीकडून नकार आला. मुलींची नावं शाळेतून काढायची म्हणून त्याची बायको चौकशी करून आली. हे मला सुनेने सांगितलं. मी म्हटलं, “तुकईथडलाही शाळा असेल.” सून उठून आत गेली.

अखाजीच्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या, पितरांची घागर भरली. सालदार निरोप घ्यायला अंगणात आला. मुलगा ओट्यावर बसला होता. सालदार माझ्या पाया पडला आणि म्हणाला, “मोठी माय, नव्या गड्याले सांगून ठेवा. बैल घामेजलेले असले तर लगेच हाळावर नेऊ देऊ नका. तांबडा जरा जास्त धापतो.”

तो टोमणा होता की काळजी, मला अजून कळलेलं नाही. त्याच्या तोंडावर तर काही दिसत नव्हतं. तो फाटकाकडे वळला तेव्हा मी म्हटलं, “थांब.” आणि मुलाला म्हटलं, “ती मूठ मी ओढत होते.”

“कोणती मूठ?”

“काळी. रोज. हा नको म्हणत होता तरी.”

“कवापासून?”

“ओवाळलं त्या आठवड्यापासून.”

मुलगा ओट्यावरून उठला. मला वाटलं आता ओरडेल. पण त्याचा चेहरा हळूहळू उजळला. “म्हणजे टर्बो तूच जाळला, त्यात खोट नव्हती!”

एक माणूस विनाकारण घालवत होतो, याचं त्याला काही नाही. टर्बो निर्दोष सुटला. “आता हे सगळ्यायले सांग,” तो म्हणाला. “जसं ते सांगत होती, तसंच. आणि किताबात लिहिलेलं असतं हे, वाचायचं तरी.”

“तू वाचलंस?”

तो देवघरातून पुस्तक घेऊन आला. कुंकवाने पानं चिकटली होती, ती त्याने नखाने सोडवली. हिंदीत होतं, मलाही वाचता आलं असतं. ठळक अक्षरांत, चौकटीत, बंद करण्याआधी इंजिन हळू चालू ठेवा. शेजारी चित्रसुद्धा होतं. सून दारात उभी राहून पदर तोंडावर धरून हसत होती.

मुलाने सालदाराला वर बोलावलं. “चूक झाली माझी. राहा. तुझी बोली सांग.”

अखाजीच्या बोलीत सालदार धान्य मागतो, कपडे मागतो, जोडा मागतो, सणाला सुटी मागतो. याने त्यातलं काही मागितलं नाही.

“बाकी मागच्या सालासारखंच, भाऊ. एकच सांगतो. मोठ्या मायनं टॅक्टरले हात नाही लावायचा.”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. सगळेच पाहत होते. दहा दिवसांचा मान असा एका वाक्यात गेला. मी म्हटलं, “कबूल. जेवून जा.”

मग आठवडाभर मी ओट्यावर बसून त्याच बायकांना उलटी गोष्ट सांगितली. पहिलीपेक्षा दुसरी त्यांना जास्त आवडली.

नवा टर्बो बसवला, तो अजून चालतो आहे. चढ एका दमात चढतो. केळीच्या ओळीत शिरत नाही ते नाहीच, बैलजोडी आहेच, आणि मिस्त्री अजूनही बुऱ्हाणपूरहूनच येतो. सालदार संध्याकाळी अंगणात ट्रॅक्टर उभा करतो, इंजिन तसंच ठेवून हातपाय धुवायला जातो आणि जाताना एकदा माझ्याकडे पाहतो. मी दोन्ही हात पदराखाली घेऊन बसते. धडधड चालू असते, डिझेल जळत असतं.

माझ्या मते एका मिनिटात भागतं. पण बोली ती बोली.