युसूफ सुताराचे चोवीस दिवस

पडदा वर जातो तेव्हा समोर आखातातल्या शुवैख बंदरावरची पत्र्याची खोली दिसते. शुक्रवारची दुपार, छप्पन्न सालचा फेब्रुवारी. स्टोव्हवर भात, चटईवर पाच कोकणी माणसे आणि मधोमध इद्रीस, हातात मुंबईहून बोटीने आलेले वर्तमानपत्र. मुंबई दिल्लीच्या ताब्यात जाणार, त्यावरून गोळीबार झाला, असे तो वाचत होता.

युसूफ सुतार भिंतीला टेकून ऐकत होता. दारे तासावीत तर युसूफनेच. अक्षर मात्र त्याला एकही येत नसे. बायकोची, बिल्कीसची, चिठ्ठी गावचा म्हातारा कारकून मोडीत लिहून देई आणि ती वाचणारा इथे एकटा इद्रीस. खेडच्या कोर्टात नकला करून त्याचा हात मोडीवर बसला होता.

"दिल्लीनं मूठ आवळलीच पायजे," युसूफ म्हणाला. "एकदा देशाचे तुकडे झाले, पुरे झाले."

"आणि आपल्या रस्त्याला खडी नाय, ते दिल्लीला कोण सांगणार? तू?" इद्रीसने विचारले.

"तुज्या मराठी राज्यात आपली चार घरं कोण विचारणार? दिल्ली सगळ्यांची तरी हाय."

"सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाय."

"एवढा शिकलास, मग इथं फळ्या का मोजतोस?"

बाकीचे हसले. इद्रीसने कागदाची घडी घातली. "बरं. पुढची चिठ्ठी दिल्लीलाच वाचायला धाड."

चार दिवसांनी चिठ्ठी आली. युसूफने ती खिशात घातली. पंजाबी फोरमनला दाखवली, मल्याळी कारकुनाला दाखवली, सिंधी दुकानदाराला दाखवली. सगळे एकाच देशाचे, सगळ्यांनी मायेने कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. इद्रीस दोन हातांच्या अंतरावर झोपत होता. युसूफ त्याच्याकडे पाठ करून पडे.

चोविसाव्या दिवशी त्याने चिठ्ठी इद्रीसपुढे धरली. इद्रीसने हात पुसले आणि नेहमीच्या खड्या आवाजात वाचायला घेतली. मग आवाज उतरत गेला. सात वर्षांच्या लेकीचा, लैलाचा, ताप हटत नव्हता. डॉक्टर मुंबईला न्या म्हणत होता, पण बापाचा होकार आल्याशिवाय पोरीला हलवायचे नाही, असे आजोबांनी सांगितले होते. 'तार करा, आम्ही लगेच निघतो,' असे बिल्कीसने शेवटी लिहवले होते.

दोघे तार ऑफिसापर्यंत धावत गेले. उत्तर तिसऱ्या दिवशी आले. लैलाला जाऊन आठ दिवस झाले होते.

युसूफ दारे तासत राहिला. दिल्लीचे नाव त्याने पुन्हा काढले नाही, मुंबईचेही नाही. साठ साली महाराष्ट्र झाला तेव्हा खोलीत हलवा वाटला गेला. इद्रीसने आपला वाटा तसाच ठेवला आणि युसूफजवळ येऊन बसला.

"त्या दिवशी मी तसं बोललो नसतो तर..."

युसूफने रंधा खाली ठेवला.

"तुजं बोलणं एका दिवसाचं, इद्रीसभाय. चिठ्ठी चोवीस दिवस माज्या खिशात होती."