आईचं विमान आणि मनोरीचे बोंबील

चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझ्या आईने पहिल्यांदा विमानात पाऊल ठेवलं. ती एकटी मेलबर्नला माझ्या बहिणीकडे गेली, तीन महिन्यांसाठी. मी आणि बाबा मुंबईतल्याच मनोरीपर्यंत गेलो. दमलो मात्र आम्हीच.

बाबा पंधरा दिवस या जाण्यावर रुसून होते. अंधेरीला विमानतळाच्या दारात आई म्हणाली, "गोळ्या वेळेवर घ्या." बाबा रुमालाने ट्रॉलीचा दांडा पुसत राहिले. ती आत दिसेनाशी झाल्यावर मात्र मला म्हणाले, "घरी फोन कर. ती पोचेसर केर काढू नको म्हण."

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हा आमचा मालवणचा नेम. मुलुंडच्या आमच्या घरातून कोणी दादरला निघालं तर तो पाळणं सोपं असतं. मी बायकोला, नीताला, फोन लावला.

"बारा तास?" ती म्हणाली. "अरे, पोह्यांचा सडा पडलाय इथे."

सकाळी विमान उडालं, तरी आई नसलेल्या घरी जायला बाबा तयार नव्हते. म्हणून मी त्यांना मालाडमार्गे मार्वेच्या धक्क्यावर नेलं; तिथून मनोरीला होडी जाते. माझ्या फोनवर आकाशातली विमानं नकाशावर दिसतात. आईचं पिवळं विमान दाखवल्यावर बाबांनी फोन ताब्यातच घेतला. तरीत (खाडी ओलांडणाऱ्या होडीत) बसल्यावर त्यांनी समुद्राकडे एकदाही पाहिलं नाही. होडी मध्यावर आली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"खय (कुठे) गेला ता?"

श्रीलंकेच्या खाली आईचं विमान नकाशावरून नाहीसं झालं होतं. मी समजावलं, की विमान आपला ठावठिकाणा सतत सांगत असतं, पण तो ऐकणारे अँटेना जमिनीवर असतात. समुद्रात कोण अँटेना उभारणार? तिथे उपग्रह ऐकतात, पण ती सोय फुकटवाल्यांना नाही.

"म्हणजे तू फुकटवालो," बाबा म्हणाले.

मनोरीत एका कोळीण मावशींच्या अंगणात जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, सोलकढी. बाबांनी न जेवताच ताट बाजूला सरकवलं. मी घाईघाईने नकाशावर बोटं फिरवली, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ त्याच कंपनीचं एक विमान सापडलं, आणि क्रमांक न पाहताच फोन त्यांच्यापुढे धरला. विमानाचं नाक मुंबईकडे होतं.

बाबा उजळले. "मागे फिरला! मी सांगी होतंय, तिचा मन नाय लागाचा तकडे."

त्यांनी चार बोंबील खाल्ले, सोलकढी दोनदा मागितली आणि आईला आणायला टॅक्सी करू या म्हणाले. मी निमूटपणे विमानाचा क्रमांक तपासला. शेवटचा आकडा वेगळा होता. हे मेलबर्नहून मुंबईला येणारं, भलतंच विमान होतं. हे सांगताना मला माझीच लाज वाटली.

बाबांनी पाचवा बोंबील ताटात परत ठेवला.

मावशींनी सगळं ऐकलं होतं. "आमच्या बोटीवं पन हाय तसला डबा, वरच्या उपग्रहाशी बोलतो," त्या म्हणाल्या. "पन घरवाला निघताना मी सांगायचं ते धक्क्यावंच सांगते. डब्यातनं माझं बोलनं नाय जात."

बाबा ओशाळले. मी उपग्रहाची सोय आठवडाभरासाठी सुरू केली. आईचं विमान लगेच दिसलं. चहूकडे निळं पाणी आणि एकही बेट नाही.

"इतक्या पाण्यात एकटी," बाबा पुटपुटले. "आणि मी ट्रॉली पुसत बसलंय."

परतीच्या तरीतही फोन त्यांच्याच हातात होता. मुलुंडला पोचलो तेव्हा नीता दारात केरसुणी घेऊनच उभी होती. रात्री साडेआठला आईचा फोन आला.

"पोचले. जेवलात का?"

"बोंबील खाल्लंय." बाबा थांबले. मग एका दमात म्हणाले, "दारात मी बोलाक नाय. चुकला माझा. तुझ्याशिवाय घर खावक उठता."

आई म्हणाली, "दांडा चांगला चमकत होता हो."

बाबा हसले आणि डोळेही पुसले. नीताने केरसुणी उचलली. तीन महिन्यांत मी मनोरीला पुन्हा जाईन की नाही माहीत नाही, पण आईचं परतीचं विमान कसं शोधायचं ते आता बाबांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यांनी हात वर करून नीताला थांबवलं.

"जरा दम धर गो. दुपारचा ता दुसरा विमान अजून उतराक नाय. कोणाची तरी म्हातारी असतली त्यात."