रंगाचा हौद कोरडा आहे, असं मी लिहिलं

म्हैसुरातल्या आमच्या गल्लीत एके काळी सगळी कापड रंगवणाऱ्या मराठी रंगाऱ्यांची घरं होती. आजोबांच्या पिढीनंतर तो धंदा गेला. कुणी बँकेत लागलं, कुणी शिवणकामात शिरलं, मी आरोग्य खात्यात गेलो. पण बहुतेक घरांच्या मागच्या अंगणात रंगाचा दगडी हौद राहिला आणि तो कोरडा ठेवायचा नाही ही रीतही राहिली. हौदात पाणी आहे तोवर घरातून रंग उठला नाही, असं आमच्याकडे मानतात. खंडेनवमीला लोक हत्यारं आणि गाड्या पुजतात, आम्ही हौदाच्या काठाला हळद-कुंकू लावतो.

पूर्वी या हौदांत खरंच डास होत नसत. निळीच्या जोडीला चुना असायचा, त्या पाण्यात काही जगत नसे. पुढे नीळ गेली, चुना गेला, नळाचं साधं पाणी उरलं. तरी रंगाच्या हौदात किडा होत नाही, हे घरोघर सांगितलं जात राहिलं. मी शिकलेला होतो, हे खोटं आहे हे मला ठाऊक होतं. म्हणून जे घडलं ते अज्ञानातून घडलं असं मला म्हणता येत नाही.

नोकरीची पहिली वर्षं मी पिरियापट्टणकडच्या तंबाखूच्या गावांत काढली. तिथं कुणाच्याही अंगणात शिरून मी पिंपं उपडी करत असे, घरचे रागावले तरी. शहरात बदली झाली तेव्हा साहेबांनी मला आमचाच भाग दिला. "तुमची माणसं, तुमची भाषा. तुमचं ऐकतील," ते म्हणाले.

माझ्याबरोबर एक आशा कार्यकर्ती होती. मूळची जवळच्या वरुणा गावाकडची, आमच्या गल्लीमागच्या वस्तीत राहणारी, बोलणं सगळं कन्नड. सुरुवातीला आमच्या बायका तिला उंबऱ्याबाहेर उभी करत. तीन वर्षांत तिनं ते बदललं. बाळंतिणीला दवाखान्यात नेताना रिक्षात शेजारी तीच असायची. कुणाच्या पोराचा डोस चुकला हे आईच्या आधी तिला कळायचं. "पाणी ओता की हो, काकू," एवढं मराठीही ती शिकली. त्या वर्षी आशांच्या गटप्रमुखाची जागा भरायची होती आणि साहेबांच्या मनात तिचं नाव होतं. तिनं मला ते दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा हसत, जणू विशेष काही नाही.

डेंगीचं वर्ष होतं. दर शुक्रवारी प्रत्येक घरातलं साठवलेलं पाणी बघायचं, अळ्या असल्या तर ओतून द्यायचं, ओतता येत नसेल तर औषधाचे थेंब टाकायचे, आणि दारामागच्या कार्डावर तारीख घालून लिहायचं. जमिनीखालची संपची टाकी, पिंप, हौद, प्रत्येकाचा रकाना होता. सहीचा नव्हता. कागदोपत्री घरोघर जाणं तिचं काम आणि देखरेख माझी. पण आम्ही आपसात गल्ली वाटून घेतली होती. देवळापलीकडची घरं तिची, अलीकडची माझी. एकाने बघितलेलं घर दुसऱ्याने बघायचं नाही.

माझ्या वाट्यात काकूंचं घर होतं. आई गेल्यावर शाळेची सगळी वर्षं मी त्यांच्याकडे जेवलो. त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत एक शिक्षिका आठ वर्षांच्या मुलीसह भाड्याने राहत होती. हौद त्या खोल्यांच्या दारासमोरच, वर लाकडी फळ्या.

पहिल्या शुक्रवारी मी टॉर्च घेऊन गेलो तेव्हा काकू फळ्यांवर मिरच्या वाळत घालत होत्या.

"काकू, हौद बघायचा आहे."

"सुम्ने, उगाच कशाला उघडतोस रे? मिरच्या पसरल्या ना आता."

"अळ्या झाल्यात का बघतो. दोन मिनिटं."

"रंगाच्या हौदात? तुझ्या आजोबांना विचारलं असतंस तर हसले असते." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "नवमी दीड-दोन महिन्यांवर आलीय. आता उघडशील, मग ओत म्हणशील, नाहीतर ते सरकारी औषध टाकशील. पूजेच्या पाण्यात औषध बेडा, नको म्हणजे नको. बस, कॉफी देते."

मी बसलो. कॉफी झाल्यावर कार्ड काढलं. पाणी आहे असं लिहिलं असतं तर पुढे तपासलं की नाही हेही लिहावं लागलं असतं. म्हणून मी हौदाच्या रकान्यात 'कोरडा' लिहिलं. पुढच्या तीन शुक्रवारी तेच लिहिलं. दुसऱ्या वेळेपासून मी टॉर्च खिशातून काढलाही नाही.

एकदा त्या आशा कार्यकर्तीनं विचारलं होतं. तिचं कन्नड मी इथं मराठीत लिहितो आहे.

"सार, त्या मोठ्या काकूंचा हौद बघितलात ना? बाकी सगळ्यांचे भरलेले असतात, यांचाच कोरडा कसा?"

"माझं घर आहे ते," मी म्हणालो.

"बरं सार," म्हणून ती देवळापलीकडे गेली.

पाचव्या आठवड्यात शिक्षिकेच्या मुलीला ताप आला. मग शेजारच्या दोन घरांत आला. ते दोघे घरीच बरे झाले, पण मुलीच्या प्लेटलेट घसरल्या, नाकातून रक्त आलं आणि तिला आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. ती वाचली, हे आधीच सांगून टाकतो. त्या आठ दिवसांत मात्र ते कुणालाच माहीत नव्हतं.

ती दवाखान्यात गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेब आले. फळ्या काढल्या. पाण्यावर अळ्या वळवळत होत्या. त्या बघायला टॉर्च लागला नाही. अर्धी गल्ली अंगणात जमली होती. साहेबांनी कार्ड वाचलं आणि विचारलं, "हे कोण लिहितं?"

मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "ती बाई येते ना दर शुक्रवारी."

त्यांनी ते मला वाचवायला म्हटलं. ती माझ्यापासून चार पावलांवर उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि थांबली. मला वेळ दिला असं मला आजही वाटतं. मी कार्डाकडे बघत राहिलो. मग कुणीतरी मराठीत म्हणालं, "आत घेतलं ना घरात, म्हणून ही पाळी आली." तेवढं मराठी तिला कळत होतं.

गटप्रमुखाची जागा दुसरीला मिळाली. माझ्याबरोबरच्या आशा कार्यकर्तीला दुसरा भाग दिला गेला. तिकडे ती काही वर्षं काम करत राहिली, मग नवऱ्याच्या निवृत्तीनंतर दोघं गावी गेली. मी साहेबांना सांगायचं रोज ठरवत होतो. आधी मुलगी घरी येऊ दे, मग नवमी होऊ दे, मग बदल्यांचा महिना जाऊ दे. असं करत नऊ वर्षं गेली. मध्ये मला बढती मिळाली.

मागच्या वर्षी ती मला बसस्टँडवर भेटली. वरुणेच्या बसची वाट बघत होती, हातात गुरांच्या औषधाची पिशवी. मी तिथंच सांगितलं. फार बोललो, बहुधा बाजूच्यांनीही ऐकलं असेल.

"गोत्तु, सार," ती म्हणाली. ठाऊक आहे. "अर्धी गल्ली तुमची होती, मला ठाऊक नसेल?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"कुणाला? गल्ली तुमची, माणसं तुमची, साहेबांचा विश्वास तुमच्यावर." बस लागली. पायरीवर चढताना ती म्हणाली, "मला सांगून काय होणार? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

खंडेनवमीला काकूंच्या अंगणात गल्लीतल्या बायका जमतात. हौदावर आता घट्ट झाकण आहे, दर आठवड्याला तो रिकामा करून घासतात आणि नवं पाणी भरतात. त्या वर्षी पूजा झाल्यावर मी उभा राहून सांगितलं. कोण काय लिहीत होतं, का लिहीत होतं, आणि त्या दिवशी कोण गप्प राहिलं. साहेबांच्या जागी आता दुसरे आहेत, त्यांनाही लेखी दिल्याचं सांगितलं. त्यांनी वाचून कागद फायलीत लावला होता आणि म्हटलं होतं की बाई आता कामावर नाहीत, तेव्हा करण्यासारखं काही नाही.

काकू म्हणाल्या, "मी तिचं नाव तुझ्यासाठी घेतलं रे. तू पुढे खरं सांगशील असं वाटलं होतं."

शिक्षिका अजून त्याच खोल्यांत राहते. तिनं मला बसायला सांगितलं नाही. ती म्हणाली, "ती आशाबाई दवाखान्यात आली होती. तिसऱ्या दिवशी. हातात भाताची पेज होती. मी तिला वॉर्डच्या दारातूनच परत पाठवलं. इतर पेशंटसमोर काय बोलले ते आता तोंडातून काढवत नाही."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या गप्प बसण्याचा हिशोब मी जागा आणि बदली एवढाच धरला होता.

"तिचं गाव कुठलं?" शिक्षिकेनं विचारलं. मी सांगितलं, बस कुठून मिळते तेही सांगितलं.

पुढच्या रविवारी ती मुलीला घेऊन वरुणेला गेली. मुलगी आता कॉलेजात आहे. काकूंना गुडघ्यांनी बस चढवत नाही, तरी त्याही गेल्या. तिघी संध्याकाळी परतल्या. काय बोलणं झालं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला त्यांनी चल म्हटलं नव्हतं.