डाव्या सीटपुढची मॅट

दुपारचं जेवण आटोपून मी शेडमधल्या फियाटमध्ये येऊन बसते आणि बसल्याबसल्या डोळा लागतो. मांडीवर कागद आहे, हातात पेन्सिल. ग्वाल्हेरच्या शितोळ्यांनी चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून, पेन्सिल घासून उठवलेला छाप मागवलाय. भारी चौकस माणूस. न बघता इतक्या लांबून जुनी गाडी घ्यायची म्हणजे चौकस असायलाच हवं. सतरा फोटो मागवले, आरसी बुकाचं पान न् पान मागवलं. डावीकडची मॅट उचलून दाखवा, एवढं मात्र म्हणाले नाहीत.

मीही बोलले नाही. मॅटखाली पत्रा सडून ताटलीएवढं भोक पडलंय. घर विकलंय आमचं. रविवारी गाडी ग्वाल्हेरला निघाली नाही, तर सोमवारी भंगारवाला येणार.

"छाप उमटला का?" हे विचारतात.

हे स्टिअरिंगवर बसलेत. यांना जाऊन तीन वर्षं झाली, पण अंगात तोच ग्रीसचे डाग पडलेला सदरा आहे, त्यामुळे मला काही वावगं वाटत नाही.

"दोन आकडे पुसट आलेत."

"पेन्सिल आडवी धरायची, शालन. कितीदा सांगितलं."

मेल्यावरही यांचं शिकवणं काही संपलेलं नाही.

गाडी चालू न करताच आंबोलीचा घाट लागतो. वळणावर आमचं स्वयंपाकघर आहे, ओट्यावर दूध तापतंय. तेही मागे पडतं. मी नेहमीसारखी पाय वर घेऊन बसलेय.

"पाय खाली सोड की."

"कशी सोडू? टाच टेकवू नकोस, पुढच्या महिन्यात वेल्डिंग करून घेऊ, असं तुम्हीच म्हणाला होतात."

हे हळूच म्हणतात, "वीस वर्षं झाली असतील, नाही?"

"बावीस."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मला रागही येतो आणि यांची दयाही येते.

काचेपुढे आता कुणाचं तरी अंगण आहे, ग्वाल्हेरचं असावं. एक बाई चपला काढून, भिंतीला धरत गाडीकडे येतेय. शितोळे फोनवर म्हणालेच होते, "हिला पुढं बसवणार. गुडघे वाकत नाहीत हो तिचे, पाय लांब करून बसावं लागतं."

"सांगून टाक त्यांना," हे म्हणतात.

"आणि नको म्हणाले तर? तुमची गाडी भंगारात जाईल."

"जाऊ दे. तिला कुठे पाय वर घेता येतात?"

एवढं बोलून हे माझ्या पायाशी वाकतात.

जाग येते तेव्हा चहाची वेळ होऊन गेलीय. माझे दोन्ही पाय खाली आहेत. मॅट, हे करायचे तशी, धुळीची बाजू आत घेऊन गुंडाळलेली, यांच्या सीटवर. भोकातून शेडमधली माती दिसतेय.

मी फोटो काढते. त्यात गंजाने तांबडी झालेली माझी टाचही येते. येऊ दे. तसाच शितोळ्यांना पाठवते आणि खाली लिहिते, "गाडी घेतलीत, तर आधी वेल्डिंग करून घ्या. तोवर वहिनींना इथे बसवू नका."