अव्वाला बसवलंय

माझी आजी, म्हणजे आईची आई, सोलापूरची. तिला आम्ही अव्वा म्हणायचो. आई लिंगायत घरातली. तिनं घरात चांगलं भांडून माझ्या मराठा वडिलांशी लग्न केलं आणि करमाळ्याला आली. त्या भांडणात एकटी अव्वा तिच्या बाजूनं उभी राहिली. मला तर अव्वापुढं जगात दुसरं कुणी दिसायचंच नाही. तिच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की ती कानडीत विचारणार, ‘‘ऊटा आतेन?’’ जेवलीस का? ‘हो’ म्हटलं तरी ताट वाढणारच, मग विचारायचं तरी कशाला!

दुष्काळाच्या पुढच्या साली अव्वानं अंथरूण धरलं. आई तिच्या उशाशी जाऊन राहिली. माझं मॅट्रिकचं वर्ष, म्हणून मला करमाळ्यातच ठेवलं. बाजाराला येणाऱ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून आईचा निरोप यायचा आणि तो नेहमी एकच असायचा: अजून उठून बसता येत नाही, एकदा बसती झाली की हिंडती होईल. मग मीही तेवढंच धरलं. शाळा सुटली की थेट कमलाभवानीच्या देवळात. बाकी काही नको आई, माझ्या अव्वाला बसती कर, तुझी ओटी भरीन. रोज हेच. शेवटी पुजारी म्हणाला, ‘‘पोरी, देवीला पाठ झालं असंल की आता.’’

एके दिवशी निरोप आला, पोरीला लगेच पाठवा. वडिलांना बाजार समितीतून रजा घ्यायची होती, ते मागच्या गाडीनं येणार होते. मला एसटीत बसवून दिलं. देवीच्या अंगाऱ्याची पुडी मुठीत घट्ट धरली होती. रस्ताभर मी तिला विनवत होते आणि मधूनच धमक्याही देत होते.

अव्वाच्या गल्लीत शिरले तर घरोघरचे माग बंद. एरवी त्या खटखटीत स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. आजारी माणसाची झोपमोड नको म्हणून बंद ठेवले असतील, शेजारी भले आहेत, असं मला वाटलं. कोपऱ्यावरच्या विणकराची बायको दारात उभी होती.

‘‘आलीस व्हय गं? पळ, पळ. अव्वाला बसवलंय. सगळी तुझीच वाट बघालेत.’’

बसवलंय! आनंदानं मला रडूच फुटलं. ‘‘अव्वा, मी आले गं!’’ असं ओरडतच मी पळत सुटले. दारातल्या गर्दीनं वाट दिली. समोर भिंतीशी अव्वा बसली होती. मांडी घालून, ताठ. अंगावर नवं इरकल, कपाळभर भस्म, गळ्यात हार. बरी झाली म्हणून केवढं कौतुक केलंय, असं मनात आलं. मेलेलं माणूस मी तोवर आडवंच पाहिलं होतं. आमच्याकडं मेलेलं माणूस बसत नाही.

‘‘अव्वा, मी जेवले नाही,’’ असं म्हणत मी तिचा हात धरला. हात गार होता. मग हनुवटीखालून नेऊन भिंतीतल्या खुंटीला बांधलेली कापडाची पट्टी दिसली.

आईनं मला मागं ओढलं. ‘‘आमच्यात असंच बसवतात गं. सकाळीच गेली.’’

मी काय काय बोलले ते मला नंतर इतरांकडून कळलं. अंगाऱ्याची पुडी मी भिंतीवर फेकली, एवढं मात्र आठवतं. देवीनं माझं अगदी शब्दशः ऐकलं होतं. ‘बरी कर’ म्हणायचं मला का सुचलं नाही? एवढी शिकलेली मी, नवस बोलताना साधा एक शब्द चुकले. त्या दिवसापासून आजतागायत मी देवीजवळ काही मागितलेलं नाही.

दफनभूमीत तिला खड्ड्यातल्या कोनाड्यात तसंच बसवलं. मीठ घातलं, भस्म घातलं, बेलाची पानं घातली. ‘‘तिला निजवा की!’’ मी ओरडत होते. ‘‘दमलीय ती, तिला निजवा!’’ मामा म्हणाला, ‘‘शिवाकडं कुणी झोपून जातंय व्हय पोरी?’’ मला त्याचा, त्या सगळ्यांचा राग राग आला. माती पडत गेली आणि मला अडवता आलं नाही. आपला जीवही त्या खड्ड्यात जावा, असं तेव्हा खरोखर वाटलं.

विधी उरकल्यावर आई आणि मी परत निघालो. वडील आधीच करमाळ्याला परतले होते. इतक्या दिवसांत आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि मला तेही सलत होतं. गाडीत मी तिच्यावरच तुटून पडले.

‘‘कसली तुमची रीत! अंधारात एकटीला बसवून आलात.’’

‘‘एकटी कशी?’’ आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. ‘‘तिची आई तिथंच आहे. जरा पलीकडं आजी आहे.’’ मग माझ्याकडं वळून म्हणाली, ‘‘माझीच जागा तिथं नाही. मला तुम्ही जाळाल.’’

आणि पदर तोंडात कोंबून ती रडायला लागली. करमाळा येईपर्यंत रडत होती.