डाव्या हाताची नाडी

"डाव्या हाताची नाडी लागत नाही," सांगलीचे डॉक्टर म्हणाले. उजव्या हाताचं ब्लडप्रेशर व्यवस्थित होतं, डाव्याचं मशीनला सापडेचना. शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आवं डॉक्टर, न्हाई कशी? सकाळी माझ्यासंगं वाद घालून आलीय की." डॉक्टर हसले, मलाही हसू आलं.

त्याआधी कोरेगावात बरेच महिने अंगात कणकण असायची, वजन उतरत होतं. म्हशीची धार काढताना डावा हात भरून यायचा, थांबलं की बरा व्हायचा. मान दुखायची. सगळे म्हणायचे अशक्तपणा, म्हणून मी टॉनिक पीत राहिले.

सांगलीत ईएसआर झाली. अंगात कुठे सूज आहे का, ते सांगणारी ही रक्ताची तपासणी. मग सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून औषध सोडून रक्तवाहिन्यांची चित्रं काढतात. औषध जाताना अंगभर ऊब पसरते, घाबरू नका.

आजाराचं नाव निघालं ताकायासु आर्टेरायटिस. हृदयातून निघणारी मुख्य धमनी आणि तिच्या मोठ्या फांद्या आतून सुजतात, अरुंद होतात. माझी डाव्या हाताकडे जाणारी फांदी जवळजवळ बंद होती.

मी एकच विचारलं, मूल होईल ना? नवरा फौजेत, लग्न नवंच.

"होईल," डॉक्टर म्हणाले. "पण आधी सूज शांत करू. या गोळ्या चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत."

त्या गोळ्यांतल्या स्टेरॉइडनं माझं तोंड गोल गरगरीत झालं. व्हिडिओ कॉलवर नवरा म्हणाला, लय ग्वाड दिसतीयास. धारा सासूबाईंनी स्वतःकडे घेतल्या, तर म्हैस त्यांच्यावर रुसली.

वर्षभरानं पुन्हा चित्रं काढली. सूज निवली होती. बंद फांदी तशीच होती, पण तिच्या कडेनं शरीरानं बारीक नव्या वाटा काढल्या होत्या. उसात पाणी पोचल्यावर बघावं, तशा आम्ही दोघी त्या बघत राहिलो. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, काही महिने थांबवलं आणि मग मुलासाठी परवानगी दिली.

काम करताना तुमचाही हात असा भरून येत असेल, तर दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर मोजायला सांगा. संकोच करू नका.

परवा साताऱ्यात सोनोग्राफीच्या वेळी बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवले. खोलीभर घुमले. सासूबाई डॉक्टरीणबाईंना हळूच म्हणाल्या, "आणि एकदा लावा की."

बाहेर रांग होती. तरी त्यांनी लावले.