अठ्ठ्याऐंशीने चालणारी गाडी

नवी गाडी सकाळी सुरू होते, संध्याकाळी बंद होते. त्यात सांगण्यासारखं काय असणार? जुन्या गाडीचं तसं नाही. ती दर रविवारी एक तरी किस्सा घरी आणते, आणि घर लहान असलं की ते साठत जातात.

श्रीधर, माझा नवरा, जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याची चौकोनी, पांढरी जपानी गाडी आमच्या इमारतीखाली उभी होती. सिंगापुरात गाडीला दहा वर्षांचा परवाना असतो, सीओई म्हणतात त्याला. तो संपला की नवा काढा, नाहीतर गाडी भंगारात द्या. आमचा जुलैअखेर संपत होता. ठेवायची की द्यायची, हे मला ठरवायचं होतं. विचार करायला बसले की निर्णय बाजूला राहायचा आणि किस्सेच आठवायचे.

*

आमचं टोळकं लहान. बुकित बातोकला लिम अंकलचं वर्कशॉप आहे, तिथे रविवारी सकाळी जमायचं. श्रीधर, तांजोंग पगारच्या बँकेतले गोखले आणि त्यांची दोन दारांची लाल कूपे, आणि युनिव्हर्सिटीतला पोस्टडॉक निखिल. निखिलकडे गाडी नव्हती. आरसा होता.

जुन्या जपानी गाड्यांचे आरसे दाराला नसत, पार पुढे, बॉनेटच्या कडेला असत. तसला एक निखिलने जपानहून मागवला. दर रविवारी टॉवेलमध्ये गुंडाळून तो एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, घेऊन यायचा, सगळ्यांबरोबर पॉलिश करायचा, परत न्यायचा. कुणी विचारलं, तुमची गाडी कोणती, की मॉडेल आणि साल सांगायचा.

बाकीची कुठे आहे, असं विचारलं तर म्हणायचा, "येतेय हळूहळू."

*

गोखल्यांची कूपे पावसात निघत नसे. सिंगापुरात पाऊस कधी नसतो? त्यामुळे गोखले रोज एमआरटीने ऑफिसला जात आणि कूपे महिन्यातून दोनदा, पांढरे हातमोजे घालून चालवत.

एकदा सहकुटुंब आमच्याकडे जेवायला आले आणि जेवताना आभाळ भरून आलं. कव्हर घरी राहिलं होतं. गोखले ताटावरून उठले, आमच्या दोन्ही छत्र्या घेऊन खाली गेले आणि खिडकीच्या रबरातून पाणी आत जाऊ नये म्हणून गाडीच्या दोन बाजूंना एकेक छत्री धरून उभे राहिले. म्हणजे हात पसरून, मधे, टपाला छाती टेकून. स्वतः चिंब.

त्यांची मुलगी गॅलरीतून बघत होती. ती इथेच वाढलेली. शांतपणे म्हणाली, "मम्मी, ही नेव्हर डू लाइक दॅट फॉर अस, लाह."

*

श्रीधरला लेबलांचं वेड होतं. आमच्या घरात मिठाच्या डब्यावर 'मीठ' आणि साखरेच्या डब्यावर 'साखर, मीठ नव्हे' असं लिहिलेलं आहे. गाडीतल्या प्रत्येक वायरला त्याने चिठ्ठी बांधली होती, आणि तीही मराठीत. मी म्हटलं, लिम अंकलना वाचता यायला नको का? तर म्हणाला, "नकोच. वाचता आलं की माणूस हात लावतो."

लिम अंकलनी हात लावला नाही, पण अक्षरं बघून बघून त्यांना पाठ झाली. त्यांच्या मते ते त्या वायरचं नावच होतं. पुढे एका चिनी टॅक्सीवाल्याची गाडी दुरुस्तीला आली, तेव्हा अंकलनी तिच्या वायरलाही सुबक अक्षरात 'मागचा दिवा, डावा' अशी चिठ्ठी बांधून दिली.

ती टॅक्सी अजून सिंगापुरात फिरत असेल.

*

एका रविवारी बदल म्हणून आम्ही पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो. बोटीतून उतरून पाचच मिनिटं झाली असतील, तोवर एका जुन्या घरासमोर गंजकी जपानी व्हॅन दिसली. तिघांनी सायकली टाकल्या आणि व्हॅनखाली शिरले. मी झाडाखाली बसले.

आतून एक म्हातारी आली. तिने बाहेर आलेले सहा पाय पाहिले आणि मलायमध्ये काहीतरी खूप बोलली. ब्रेकच्या दुरुस्तीसाठी ती दोन दिवस मेकॅनिकची वाट बघत होती, एवढं आम्हाला हातवाऱ्यांवरून कळलं. आम्ही ते नव्हे, हे सांगायचं कुणालाच सुचलं नाही. दीड तास खपून त्यांनी ब्रेक नीट केले. म्हातारीने चौघांना शहाळी दिली.

निघताना खरा मेकॅनिक पेटी घेऊन बोटीतून उतरत होता. गोखल्यांनी त्याला हातमोजा उंच करून सांगितलं, "सगळं झालंय, जा परत."

*

आता घंटीचं सांगते.

श्रीधरच्या गाडीत एक घंटी होती. वेग ताशी एकशे पाचच्या वर गेला की ती वाजते, ड्रायव्हरने शुद्धीवर यावं म्हणून. जपानमध्ये तेव्हा अशी पद्धतच होती. सिंगापुरात नव्वदच्या वर जाता येत नाही, आणि श्रीधर अठ्ठ्याऐंशीने जाणारा. मलेशियाच्या हायवेवर एकशे दहा चालतं, पण तिथेही मी शेजारी असले की हा पठ्ठ्या पंच्याण्णवच्या वर जात नसे. कोंबड्यांचे ट्रक आम्हाला मागे टाकत.

त्यामुळे घंटी कुणीच ऐकली नव्हती. ती कशी वाजत असेल यावर वर्कशॉपमध्ये तासन्‌तास वाद व्हायचे. गोखले म्हणायचे, देवघरातल्यासारखी. निखिल म्हणायचा, कॉन्डोच्या लिफ्टसारखी. श्रीधर गप्प ऐकायचा आणि म्हणायचा, "आपल्याला काय कळणार!"

पार्ट आणायला तो महिन्यातून एकदा एकटा मलेशियातल्या मलाक्क्याला जायचा. सांगितलेल्या वेळेच्या आधीच घरी यायचा. मी म्हणायची, रस्ता मोकळा असेल.

शेवटी मी गाडी द्यायचं ठरवलं. मला ती दुरुस्त करता येत नव्हती, आणि खाली उभी दिसली की लिफ्टकडे जाताना मी दुसऱ्या बाजूने जायला लागले होते. भंगारवाला सोमवारी येणार होता. गोखले म्हणाले, "नीलावहिनी, निदान घंटी तरी ऐकू या. त्याची राहून गेली."

शनिवारी आम्ही मलेशियात गेलो. गाडी मी चालवली. शेजारी गोखले, हातमोजे घालून, फोनवर वेग बघत. मागे निखिल, मांडीवर आरसा घेऊन. शंभर झाले. एकशे तीन. गोखल्यांनी डोळे मिटले. एकशे सहा. एकशे आठ.

काही नाही. नुसतं इंजिन.

परत येताना निखिल म्हणाला, "बिघडली असेल, काकू. वापर नाही ना."

गोखल्यांना ते पटेना. रविवारी त्यांनी लिम अंकलना ग्लोव्ह बॉक्स काढायला लावला. त्याच्या मागे अंकलनी कधी हात घातला नव्हता. तिथलं काम नाजूक आहे, मी बघतो, असं श्रीधरने त्यांना पहिल्याच वर्षी बजावलं होतं.

अंकलनी टॉर्च लावला आणि हात आत घातला. घंटी व्यवस्थित होती. फक्त तिची वायर काढलेली होती. टोकाला टेप, टेपला चिठ्ठी. टोक काढून लावून गुळगुळीत झालं होतं. अंकलनी चिठ्ठी उजेडात धरली, पण ही अक्षरं त्यांच्या पाठातली नव्हती. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

श्रीधरचंच अक्षर. 'घंटी. नीला शेजारी असताना काढून ठेवणे.'

गोखले आणि निखिल माझ्याकडे बघत होते. लिम अंकलनी विचारलं, "व्हॉट ही राइट?"

मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि म्हटलं, "अंकल, वायर जोडा. आणि भंगारवाल्याला फोन करा, उद्या येऊ नको म्हणावं."